नेटवरची सुलतान : एदा एर्देम

तुर्कस्तान म्हटले की आपल्याकडच्या मुस्लिम घरांत पिढीनुसार वेगवेगळी नावे निघतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात खिलाफत चळवळ आणि अली बंधू येतात. त्यानंतरच्या पिढीत केमाल पाशावरून वाद होतात. कोणी त्याला सुधारक म्हणतो, कोणी खिलाफत बुडवणारा. आजच्या मुलांना उर्दूत डब झालेली 'एर्तुग्रुल' मालिका तोंडपाठ असते. या सगळ्या आठवणींत घोडे आहेत, तलवारी आहेत, तख्त आणि फर्मान आहे. आजच्या तुर्कस्तानात मात्र लहान मुलींच्या खोलीत भिंतीवर ज्यांची चित्रे लागतात, त्या सुलतानांच्या हातात तलवार नसते. त्या व्हॉलीबॉल खेळतात. तुर्की महिला संघाला तिथे 'फिलेनिन सुलतानलारी' म्हणजे 'नेटच्या सुलताना' म्हणतात. या संघाच्या कर्णधार एदा एर्देम यांच्याबद्दल आज लिहायचे आहे.

एदा यांचा जन्म २२ जून १९८७ रोजी इस्तंबूलमध्ये झाला. उंची सहा फूट दोन इंच. बेशिक्ताश या क्लबमध्ये त्या घडल्या आणि २००८ साली फेनरबाह्चे या क्लबकडे गेल्या. तेव्हापासून त्यांनी क्लब बदललेला नाही. दरवर्षी खेळाडू नव्या करारासाठी देश बदलतात अशा काळात एकाच क्लबच्या जर्सीत इतकी वर्षे काढणे ही सोपी गोष्ट नव्हे. पण त्यांची कारकीर्द नीट समजायची असेल तर आधी त्यांच्या जन्माच्या साठ वर्षे मागे जावे लागते.

सबिहापासून सुरुवात

व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या शिक्षकाने तयार केला. वायएमसीएमार्फतच तो हिंदुस्थानात आला आणि पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूललाही त्याच संस्थेच्या माणसांनी नेला. म्हणजे आपली आणि तुर्कांची सुरुवात जवळपास एकाच काळातली, एकाच शिक्षकाकडून झालेली.

१९२७ मध्ये इस्तंबूलच्या अभियांत्रिकी शाळेने पहिल्यांदा मुलींना प्रवेश दिला. दोन मुली आल्या. त्यातली एक सबिहा रिफत. ही मुलगी व्हॉलीबॉलही खेळायची. महिलांचा संघ हाताशी नव्हता, म्हणून ती फेनरबाह्चेच्या पुरुषांच्या संघातून खेळली आणि १९२९ मध्ये इस्तंबूलचे विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होती. १९३३ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि तुर्कस्तानच्या पहिल्या महिला अभियंत्यांत गणली गेली. पुढे अंकारा प्रांतात बेयपाझारीजवळ तिने बांधलेल्या पुलाला लोक 'मुलीचा पूल' म्हणू लागले. अतातुर्कच्या समाधीचे प्रचंड बांधकाम झाले तेव्हा त्यावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांत तीच प्रमुख होती.

सबिहा आणि एदा यांचा क्लब एकच. एकीला खेळायला मुलांच्या संघात जावे लागले. दुसरीच्या सामन्याला हजारो लोक तिकीट काढून येतात. या दोघींच्या मधे जी सत्तर-ऐंशी वर्षे आहेत, खरा इतिहास त्यांत आहे.

वक्फचा पैसा, बँक आणि व्हॉलीबॉल

तुर्कस्तानात फुटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे. फुटबॉल पुरुषांचा आणि क्लबच्या तिजोरीतला पैसाही बहुतेक तिकडेच जायचा. महिला व्हॉलीबॉलला हात दिला तो कंपन्या आणि बँकांनी. औषधे आणि घरगुती सामान बनवणाऱ्या एज्झाजबाशी समूहाने १९६६ मध्ये क्रीडा क्लब काढला आणि त्यांचा महिला व्हॉलीबॉल संघ दशकानुदशके देशात अव्वल राहिला.

दुसरे नाव आपल्या वाचकांनी जरा थांबून वाचावे. वाकिफबँक. तुर्कीतला 'वाकिफ' म्हणजे आपला वक्फ. उस्मानी काळापासून चालत आलेल्या वक्फ मालमत्तांचे उत्पन्न एकत्र करून ते कामाला लावावे, या विचाराने १९५४ साली ही बँक स्थापन झाली. या बँकेने महिला व्हॉलीबॉल संघ उभा केला. त्या संघाने २०११ ते २०२३ या काळात युरोपची चॅम्पियन्स लीग सहा वेळा जिंकली. मधे एकदा तर सलग ७३ सामने हा संघ हरलाच नाही. जागतिक विक्रमांत त्याची नोंद आहे.

आपल्याकडे वक्फ हा शब्द आला की कब्रस्तान, दर्गा, अतिक्रमण, कोर्टकचेरी आणि आता नवा कायदा एवढेच बोलले जाते. मालमत्ता वाचवणे गरजेचे आहेच. पण वाचवलेल्या मालमत्तेतून काय उभे करायचे, याची चर्चा आपल्या सभांत किती होते? तिकडे जुन्या वक्फच्या पैशातून निघालेल्या बँकेने मुलींना मैदान, प्रशिक्षक, आहार, दवाखाना आणि पगार दिला. त्यातून जगाने दखल घ्यावी अशी गोष्ट घडली. एदा या बँकेच्या संघात कधीच नव्हत्या. उलट त्या त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी. पण असा तगडा प्रतिस्पर्धी समोर होता, म्हणून फेनरबाह्चेलाही वाढावे लागले. चांगल्या शाळेशेजारी दुसरी चांगली शाळा निघते, तसे.

मधली जागा

२००३ मध्ये युरोपियन स्पर्धा अंकारात झाली. तुर्की मुली अंतिम फेरीत गेल्या. तिथे पोलंडकडून हरल्या, पण देशाने पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवून पाहिले आणि 'नेटच्या सुलताना' हे नाव तेव्हा रूढ झाले. नेस्लिहान ही त्या पिढीची मोठी खेळाडू. एदा तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

पुढच्या काही वर्षांत त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि तिथेच स्थिरावल्या. क्लबबरोबर २०१० साली दोहा इथे जागतिक क्लब विजेतेपद आणि २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीग मिळाली. देशाबरोबर २०११ मध्ये युरोपियन कांस्य, २०१२ मध्ये वर्ल्ड ग्रां प्रीचे कांस्य आणि त्याच वर्षी लंडनमध्ये तुर्की महिला संघाचे पहिले ऑलिंपिक. लंडनमध्ये गटातूनच परतावे लागले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तर संघ पात्रच ठरला नाही.

एदा मिडल ब्लॉकर आहेत. ज्यांनी गावच्या मैदानावर सहा-सहा जणांचा खेळ खेळला आहे त्यांना ही जागा सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. समोरून कोणत्याही बाजूने स्मॅश येवो, नेटच्या मधल्या खेळाडूने धावत जाऊन ब्लॉकला हात लावायचा. आपला संघ चढाई करतो तेव्हाही तिने प्रत्येक वेळी झेप घ्यायची, जणू चेंडू तिलाच मिळणार आहे. बऱ्याचदा चेंडू तिला मिळतच नाही. ती उडाली म्हणून समोरचा ब्लॉक तिच्याबरोबर उडतो आणि सेटर चेंडू कडेच्या खेळाडूला देतो. कडेच्या खेळाडूला रिकामे नेट मिळते, टाळ्या मिळतात. मधली खाली उतरते आणि पुढच्या झेपेची तयारी करते. एदा यांचा सेटरच्या मागून धावत जाऊन एका पायावर उडून मारलेला फटका जगभर ओळखला जातो. पण तो फटका चालतो याचे कारण त्याआधी फुकट वाटणाऱ्या दहा झेपा आहेत.

आणखी एक गंमत. मिडल ब्लॉकर मागच्या ओळीत गेली की बहुतेक वेळा तिच्या जागी लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाच्या जर्सीतली बचावपटू, येते. त्यामुळे एदा यांच्यासारखी कर्णधार दर सेटमध्ये काही वेळ मैदानाबाहेर असते. पंचांशी बोलण्याचा हक्क व्हॉलीबॉलमध्ये फक्त कर्णधाराला असतो. ती बाहेर गेली की तो हक्क तात्पुरता दुसरीकडे जातो. म्हणजे कर्णधार म्हणून एदा यांना थोड्या थोड्या वेळाने आपला अधिकार दुसऱ्या मुलीच्या हाती सोपवून बाजूला उभे राहावे लागते. आपल्या संस्था, कमिट्या आणि घरे चालवणाऱ्या माणसांनी हा नियम एकदा पाहून घ्यावा.

पंधरा-तेरा

२०१८ मध्ये नेशन्स लीगची अंतिम फेरी अमेरिकेविरुद्ध पाचव्या सेटपर्यंत गेली आणि हातून निसटली. २०१९ मध्ये एदा यांच्या नेतृत्वाखाली संघ युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. मैदान घरचे, अंकाराचे. सर्बियाने पुन्हा पाचव्या सेटमध्ये हरवले.

मग टोकियो. कोविडमुळे वर्षभर पुढे गेलेल्या या ऑलिंपिकमध्ये तुर्की संघाने पहिल्याच सामन्यात आधीच्या विजेत्या चीनला सरळ तीन सेटमध्ये हरवले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्यपूर्व फेरीत समोर दक्षिण कोरिया होता. कोरियाची कर्णधार किम योन-क्युंग फेनरबाह्चेत सहा वर्षे एदा यांच्याबरोबर खेळलेली, दोघी जिवलग मैत्रिणी. नेटच्या दोन बाजूंना दोन मैत्रिणी कर्णधार म्हणून उभ्या होत्या. सामना पाच सेट चालला. पाचवा सेट कोरियाने १५-१३ असा घेतला. तुर्की मुली मैदानावरच रडल्या.

त्या दिवसांत तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरची जंगले भयंकर वणव्यात जळत होती. देश आधीच दुःखात, त्यात हा पराभव. हे कळल्यावर कोरियातल्या व्हॉलीबॉलप्रेमींनी तुर्कस्तानात झाडे लावण्यासाठी देणग्या पाठवल्या. जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांनी हरलेल्यांच्या जळालेल्या रानासाठी रोपे द्यावीत, हे क्रीडा इतिहासात फार वेळा घडत नाही. दोन कर्णधारांची मैत्री नसती तर तेव्हाही घडले असते का, सांगता येत नाही.

दोन वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. अदियामान शहरातले एक हॉटेल त्या पहाटे कोसळले. उत्तर सायप्रसमधल्या एका शाळेचे व्हॉलीबॉल संघ, मुले आणि मुली दोन्ही, स्पर्धेसाठी येऊन त्या हॉटेलात उतरले होते. बरोबर शिक्षक होते, काही पालक होते. त्यांतले बहुतेक जण परत गेले नाहीत. शाळेचा संघ घेऊन परगावी मुक्काम केलेल्या कोणत्याही शिक्षकाला ही बातमी विसरता येणार नाही.

त्या वर्षी प्रजासत्ताकाला शंभर वर्षे होत होती. त्याच उन्हाळ्यात एदा यांचा संघ अमेरिकेत नेशन्स लीग खेळायला गेला. नवे इटालियन प्रशिक्षक सांतारेली आले होते आणि क्यूबात जन्मलेली, तुर्की नागरिकत्व घेतलेली मेलिसा व्हार्गास पहिल्यांदाच देशाकडून खेळत होती. १६ जुलैला चीनला हरवून त्यांनी ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. ३ सप्टेंबरला ब्रुसेल्समध्ये युरोपियन स्पर्धेची अंतिम फेरी. समोर पुन्हा सर्बिया, पुन्हा पाचवा सेट. या वेळी १५-१३ तुर्कस्तानच्या बाजूने. तोच आकडा, ज्याने टोकियोत रडवले होते. पुरुष असो वा महिला, तुर्कस्तानच्या कोणत्याही व्हॉलीबॉल संघाने याआधी युरोपचे हे विजेतेपद जिंकले नव्हते. चषक उचलताना एदा छत्तीस वर्षांच्या होत्या.

कपड्यांचा हिशेब

विजयाची ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी होईल. टोकियोत चीनला हरवल्यानंतर देशभर आनंद चालू असतानाच एका नामवंत धर्मोपदेशकाने समाजमाध्यमावर लिहिले की इस्लामच्या मुलींनो, तुम्ही मैदानाच्या नव्हे, ईमान आणि हयेच्या सुलताना आहात. आशय असा की हे कपडे, हा खेळ तुमच्यासाठी नाही. त्यावर मोठा वाद पेटला. २०२३ च्या विजयानंतरही संघातल्या मुलींच्या खासगी आयुष्यावरून, कपड्यांवरून तोच गदारोळ झाला. एक बाजू त्यांना धर्माविरुद्ध उभी करत होती, दुसरी बाजू त्यांना आपल्या राजकारणाचा झेंडा बनवत होती. एदा आणि त्यांच्या सोबतिणी खेळत राहिल्या.

पण तुर्कस्तानचा इतिहास इथे एकाच बाजूने वाचता येत नाही. याच देशात अनेक वर्षे स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना विद्यापीठाच्या दारातून परत पाठवले जाई. १९९९ मध्ये संसदेवर निवडून आलेल्या मेर्वे कावाकची यांना डोक्यावर स्कार्फ आहे म्हणून शपथ घेऊ दिली गेली नाही. सरकारी नोकऱ्यांतली बहुतेक बंदी उठायला २०१३ साल उजाडावे लागले. शेजारच्या इराणमध्ये २०१४ साली गोंचे गवामी ही तरुणी पुरुषांचा व्हॉलीबॉल सामना पाहायला स्टेडियमच्या दारात गेली म्हणून पकडली गेली आणि काही महिने तुरुंगात राहिली. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्या स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालून उतरायला मनाई केली. कोणी घालायला भाग पाडतो, कोणी काढायला. दोघांच्याही यादीत मुलीला काय वाटते हा रकाना नसतो.

मला या सगळ्या वादात एक चित्र पुन्हा पुन्हा आठवते. २०१६, रिओ, बीच व्हॉलीबॉल. इजिप्तची जोडी : दुआ अलगोबाशी आणि नदा मेआवाद. दोघींच्या अंगात लांब बाह्या आणि पायघोळ. दुआच्या डोक्यावर हिजाब, नदाच्या डोक्यावर नाही. दोघी नेटच्या एकाच बाजूला, एकाच चेंडूसाठी धावत होत्या. मला वाटते, उत्तर तिथे वाळूवर सर्वांसमोर लिहिलेले होते.

आठवीतला रिकामा कोपरा

मी शिकवतो त्या वर्गांचा अनुभव सांगतो. पाचवी-सहावीत मुली मुलांइतक्याच जोरात धावतात. सातवीत त्या मैदानाच्या कडेला जमू लागतात. आठवीत कोपरा रिकामा होतो. कारण विचारले तर घरून 'दीन' पुढे केला जातो, पण बोलत बसले की दुसरीच कारणे बाहेर येतात. कपडे बदलायला खोली नाही. शौचालयाला कडी नाही. खेळाच्या शिक्षकाची जागा भरलेली नाही. तालुक्याच्या स्पर्धेहून परतताना शेवटची एसटी चुकली तर काय, याचे उत्तर कोणाकडे नाही. मैदानाभोवती भिंत नाही आणि भिंतीच्या जागी टवाळ पोरे उभी असतात.

एका मुलीचे वडील मला म्हणाले होते, "सर, खेळू द्यायला माझी ना नाही. पण ती परत येईपर्यंत हिची अम्मी दारातून हलत नाही, त्याचं काय करू?" या माणसाला मी मागासलेला कसा म्हणू? त्याला फतवा नको होता, परतीच्या गाडीची खात्री हवी होती. कपड्यांचा प्रश्न ट्रॅकपँट, लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि घट्ट बांधलेला स्कार्फ एवढ्याने सुटतो; शालेय व्हॉलीबॉलमध्ये असे खेळायला काही अडत नाही. न सुटणारे प्रश्न खोलीचे, कडीचे, शिक्षकाचे आणि गाडीचे आहेत. ते पैशाचे आणि नियतीचे प्रश्न आहेत. म्हणून वर वक्फचे सांगितले.

एदा एर्देम या एकट्या मुलीच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगता येते आणि बहुतेक वेळा तशीच सांगितली जाते. जिद्द होतीच. पण त्यांच्या आधी सबिहा होती, तिला संघात घेणारी मुले होती. संघ काढणारी कंपनी होती, वक्फच्या पैशातली बँक होती, २००३ ला हरून आलेली नेस्लिहानची पिढी होती. एक कर्णधार तयार व्हायला इतकी माणसे आणि इतकी वर्षे लागली. आपल्या मोहल्ल्यातून अशी मुलगी का निघत नाही, असे विचारण्याआधी या साखळीतली कोणती कडी आपण ओतली, हे विचारावे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्की मुली पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेल्या. तिथे इटलीकडून आणि कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलकडून हरल्या. चौथा क्रमांक, ज्याला पदक नसते. सदतिसाव्या वर्षी असा निकाल लागल्यावर एदा यांनी जर्सी खुंटीला टांगली असती तरी कोणी काही म्हटले नसते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी बँकॉकमध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तुर्कस्तान इटलीसमोर उतरला, तेव्हा त्याच कर्णधार होत्या. सामना पुन्हा पाच सेट चालला आणि इटलीने जिंकला. पण जागतिक स्पर्धेतले तुर्कस्तानचे पहिले पदक, रौप्य, त्या दिवशी अडतीस वर्षांच्या एदा यांच्या गळ्यात पडले. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या काही मुली त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान होत्या. २००३ मध्ये अंकारात पहिली अंतिम फेरी हरली गेली, तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.